स्वमग्न मुलाचं पोट, दात, झोप आणि फिट: घरच्यांनी कुठून सुरुवात करावी

बरं चाललेलं स्वमग्न (ऑटिझम असलेलं) मूल अचानक डोकं आपटायला लागतं, स्वतःच्याच मनगटाला चावतं, रात्री दोनला उठून घरभर फिरतं. मग घरात मतं सुरू होतात. आजी म्हणते, "तेका कोणाची तरी नजर लागली." काका म्हणतात, लाडावून ठेवलाय. आणि दवाखान्यात पाच मिनिटांत उत्तर मिळतं, की ऑटिझममध्ये असं चालायचंच. दृष्ट काढायची तर खुशाल काढा, मीठ-मोहरीने कोणाचं वाईट होत नाही. पण त्याच संध्याकाळी मुलाचं पोट दाबून बघा, तोंडात बॅटरी मारून दाढा बघा आणि शेवटची शी कधी झाली ते आठवा.

मी सिंधुदुर्गात काम करणारी विशेष शिक्षिका आहे, डॉक्टर नव्हे. औषधांचे डोस इथे मिळणार नाहीत. मिळेल तो तपासाचा क्रम: वागणं बदललं की आधी शरीर, मग बाकीचं. याला भक्कम आधार आहे. 'पीडियाट्रिक्स' या बालरोगशास्त्राच्या अमेरिकन नियतकालिकात २०१० साली तज्ज्ञांच्या गटाने एकमताने लिहिलं, की स्वमग्न व्यक्तीच्या पोटाच्या तक्रारीची तपासणी इतर कोणाच्याही तक्रारीइतकीच कसून व्हायला हवी, आणि ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यात बिघडलेलं वागणं हेच दुखण्याचं एकमेव लक्षण असू शकतं. त्याच नियतकालिकात २०१४ साली आधीच्या अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून मांडले गेले. त्यात स्वमग्न मुलांमध्ये पोटाच्या तक्रारी इतर मुलांच्या सुमारे चौपट आढळल्या. बद्धकोष्ठ आणि जुलाब तिपटीहून जास्त, पोटदुखी दुपटीहून जास्त.

आधी घाईच्या गोष्टी

वही, आहार, सवयी हे सगळं नंतर. पुढच्यापैकी काही दिसलं तर वाट न बघता जवळचं उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय गाठा, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा: हिरवी किंवा रक्ताची उलटी, फुगून टणक झालेलं पोट, शीमध्ये रक्त किंवा डांबरासारखी काळी शी (लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, ते डॉक्टरांना सांगा), तापासोबत पोटाला हात लावू न देणं, कित्येक तास लघवी न होणं. बटणासारखा चपटा सेल किंवा लोहचुंबक गिळल्याची नुसती शंका आली तरी लगेच एक्स-रे काढून घ्यायचा, 'शीतून पडेल' म्हणून थांबायचं नाही. आणि मुलगा कमरेखाली हात लावू देत नसेल, वाकून चालत असेल, तर चड्डी काढून अंडकोष बघा. अंडकोषाला पीळ पडला तर हातात फार तर काही तासच असतात, आणि न बोलणारा मुलगा ते सांगणार नाही.

पहिली पायरी: शरीर काय सांगतंय ते बघायला शिका

पोट दुखतंय म्हणून सगळीच मुलं पोटावर हात ठेवत नाहीत. पुष्कळ स्वमग्न माणसांना शरीराच्या आतून येणारे इशारे धड कळत नाहीत. भूक लागली, लघवी आली, की पोट दुखतंय, यातलं नेमकं काय ते उमगत नाही. नुसतं 'काहीतरी भयंकर होतंय' एवढंच जाणवतं. बोलता येणाऱ्यांचीही हीच अडचण असते, म्हणून "दुखतंय का?" या प्रश्नाला "नाही" असं उत्तर आलं तरी त्यावर फार विसंबू नका.

मग बघायचं काय? ओसरीच्या कठड्यावर, टेबलाच्या कडेवर, खाटेच्या पट्टीवर पोट दाबून ओणवं राहणारं मूल. जेवल्यावर अर्ध्या तासात छातीवर थापा मारणारं, सारखं घसा खाकरणारं, आवंढे गिळणारं, मान वाकडी करून हनुवटी वर ताणणारं. आडवं केलं की रडणारं आणि उभं धरलं की शांत होणारं. गुडघे पोटाशी घेऊन बसणारं. पायाची अढी घालून, चवड्यांवर उभं राहून, पडद्यामागे जाऊन लाल होणारं मूल शी करत नसतं, रोखत असतं. बहुतेक आयांना वाटतं की ते जोर करतंय.

दुसरी खूण वेळेची. चिडचिड रोज साधारण त्याच वेळी होते का? जेवणानंतर, शी होण्याआधी, झोपल्यावर तासाभराने? शाळेत होते पण घरी होत नाही, असं असेल तर शाळेतलं संडास आधी बघून या.

दुसरी पायरी: दोन आठवड्यांची वही

शंभर पानी वही घ्या किंवा भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत लिहा. मोबाइलमधलं ॲप चालेल, पण आजी, आजोबा, अंगणवाडीच्या ताई सगळ्यांना लिहिता यावं म्हणून मला वहीच बरी वाटते. नोंद अशी असू दे:

मंगळवार. सकाळी पेज दोन वाट्या, मीठ घालून. पाणी कमी. शी नाही, तिसरा दिवस. दुपारी भात आणि तळलेला बांगडा, आमटी ढकलली. चार वाजता कानावर हात मारून घेतले, वीस मिनिटं. सातला चड्डीला थोडं पातळ लागलं. रात्री एक ते तीन जागा.

शीचं वर्णन 'बरी', 'घट्ट' असं न करता ब्रिस्टॉल तक्त्याच्या क्रमांकाने लिहा. हा तक्ता इंटरनेटवर चित्रांसह मिळतो. त्यात सात प्रकार आहेत. १ म्हणजे बकरीच्या लेंड्यांसारखे सुटे खडे, २ म्हणजे गाठीगाठींचा जाड गोळा, ३ आणि ४ नेहमीची, पुढे सैल होत होत ७ म्हणजे निव्वळ पाणी. डॉक्टरांना "दोन नंबरची, आठवड्यातून दोनदा" असं सांगितलंत तर त्यांना लगेच अंदाज येतो. शी किती मोठी झाली तेही लिहा. भांडं तुंबेल एवढा गोळा ही बद्धकोष्ठाची खूणच आहे.

चिडचिडीचे व्हिडिओ काढा, एक-दोन मिनिटांचे. दवाखान्यात मूल नेमकं शहाण्यासारखं बसतं, तेव्हा व्हिडिओच कामाला येतो.

तिसरी पायरी: बद्धकोष्ठ. इथे घाई नको

माझ्याकडे येणाऱ्या घरांत सगळ्यात जास्त हाच प्रश्न असतो, आणि सगळ्यात जास्त गैरसमजही इथेच. पहिला गैरसमज म्हणजे 'पातळ होतंय म्हणजे बद्धकोष्ठ नाही'. आतड्याच्या शेवटी कडक गोळा अडकून बसला की वरची पातळ शी त्याच्या बाजूने झिरपते आणि चड्डीला लागत राहते. घरचे त्याला जुलाब समजून केळं-दहीभात सुरू करतात, कोणी जुलाब बंद करायची गोळी देतं, आणि आतला गोळा आणखी मोठा होतो. वरच्या नोंदीतल्या मुलाला 'तिसरा दिवस शी नाही' आणि 'चड्डीला पातळ' हे दोन्ही एकाच पानावर आहे, ते पुन्हा वाचा. मूल मुद्दाम चड्डीत करतं म्हणून ओरडणं तर साफ चूक. ताणून ताणून आतडं सैल पडलेल्या इलॅस्टिकसारखं झालेलं असतं, तिथून 'शी आली' हा निरोपच येत नाही.

उपचाराचे दोन भाग असतात आणि त्यांचा क्रम बदलता येत नाही. आधी साचलेलं पूर्ण बाहेर काढायचं, मग पुन्हा साचू द्यायचं नाही. साफ करण्यासाठी डॉक्टर बहुतेक वेळा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर देतात. पाण्यात विरघळते, चव जवळजवळ नसते, म्हणून चवीबद्दल हट्टी असलेल्या मुलांना ती चालून जाते. लॅक्टुलोजचं सिरप गोड असतं, काहींना ते आवडतं, काही थुंकून टाकतात. साफ होण्याच्या दिवसांत पातळ होणारच, तेव्हा शाळेची सुट्टी बघून सुरू करा. घरात पाहुणे, लग्न, सत्यनारायण असलं काही त्या आठवड्यात नको.

दुसरा भाग महिन्यांचा असतो. मुलांच्या पोटविकारांच्या युरोपीय आणि अमेरिकी संघटनांनी २०१४ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार रोजचं औषध किमान दोन महिने चालू ठेवायचं, सगळी लक्षणं थांबून महिना उलटल्यावरच हळूहळू कमी करायचं, आणि संडासची सवय लागायची असेल तर ती लागेपर्यंत थांबवायचं नाही. आपल्याकडे चार दिवस शी बरी झाली की बाटली कपाटात जाते. "सवय लागेल" ही भीती असते. ही औषधं आतड्यात पाणी धरून ठेवतात, आतड्याला त्यांची चटक लागत नाही. सवय कशाची लागत असेल तर ती रोखून धरण्याची.

एरंडेल, साबणाच्या पाण्याचा एनिमा, बोट घालून काढणं, हे घरच्या घरी करू नका. एकदा गुदद्वाराशी दुखापत झाली किंवा धरून-बांधून एनिमा दिला की ते मूल पुढची कित्येक वर्षं संडासात पाय ठेवत नाही. कोंडा आणि पालेभाजीचा मारा करून साचलेला गोळा निघत नाही, पोट फुगतं मात्र. वयाला साजेसा चोथा आणि पुरेसं पाणी, इतकंच. तेही साफ झाल्यावर.

आता संडासाबद्दल. जेवल्यावर आतडी आपोआप हालचाल करतात, म्हणून नाश्त्यानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर पाच ते दहा मिनिटं बसवायचं. झालं नाही तरी उठायचं, बसल्याबद्दल शाबासकी. भारतीय पद्धतीचं संडास उकिडवं बसायला उत्तमच आहे, पण ज्यांचे स्नायू सैल आहेत किंवा तोल जातो त्यांना तिथे टिकाव धरता येत नाही. मग कमोड आणि पायाखाली पाट, गुडघे कमरेपेक्षा वर येतील इतका. तंगड्या लोंबकळत ठेवून जोर लागत नाही.

मूल संडासला का घाबरतं ते संडासात जाऊन बघा, तेही पावसाळ्यात. कुडाळकडच्या एका घरात मुलगा मे महिन्यापर्यंत नियमित जायचा आणि मिरग लागला की बंद. मागल्या दारच्या संडासावर पत्रा होता. पावसाची सर आली की आत कानठळ्या बसत. वडलांनी पत्र्याखाली थर्माकोल आणि पोत्यांचा थर बसवला, फ्लशऐवजी बादलीने पाणी टाकायला सुरुवात केली, वीज गेल्यावर पेटणारा दिवा आत टांगला. औषध चालूच होतं, पण त्या जुलैत मुलगा संडासात बसायला लागला. दुसऱ्या घरात पालीची भीती निघाली, तिसऱ्यात ओल्या फरशीची किळस. उत्तर ज्याच्या त्याच्या घरात शोधावं लागतं.

चाकरमान्यांनी एक लक्षात ठेवावं. गणपतीला किंवा मे महिन्यात मुंबईहून गावी आलेलं मूल चार-पाच दिवस शी करत नाही आणि पाचव्या दिवशी आरतीच्या वेळी आकांत करतं. गावच्या संडासाचे फोटो आधी पाठवून घ्या, मुलाच्या सवयीची सीट सोबत आणा, औषध प्रवासाच्या आधीच डॉक्टरांना विचारून ठरवा. झांजा आणि ढोलकीलाच सगळा दोष देऊ नका.

पोटाचं बाकीचं

करपट ढेकर, छातीत जळजळ, रात्री आडवं पडल्यावर रडणं, आतून झिजलेले दात: आम्ल वर येत असावं. रात्रीचं जेवण झोपेच्या दोनेक तास आधी उरका, आंबट-तिखट कमी करून बघा. जेवणावर सोलकढी नसेल तर कोकणात भूकंप होतो हे मान्य, तरी महिनाभर रात्री नको. फरक नसेल तर औषध डॉक्टर देतील.

दूध प्यायल्यावर गडगड आणि पातळ होत असेल तर दुधातली साखर पचत नसेल. दोन आठवडे दूध थांबवून, पुन्हा देऊन बघता येतं. गव्हाचं वेगळं आहे. सिलिॲकची (गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची) शंका असेल तर रक्ततपासणी होईपर्यंत गहू चालूच ठेवा. आधीच बंद केला तर तपासणी खोटी चांगली येते.

जंतांची गोळी विसरू नका. १ ते १९ वर्षांच्या सगळ्यांना राष्ट्रीय जंतनाशक दिनी, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला, शाळा-अंगणवाडीत अल्बेंडाझोल मोफत मिळते. शाळेत न जाणारी स्वमग्न मुलं नेमकी यातून सुटतात. आशाताईंना सांगून घरी मागवा. अनवाणी फिरणाऱ्या, माती तोंडात घालणाऱ्या मुलाला तर हवीच. गोळी चावता येत नसेल तर चुरून पाण्यातून द्या, घशात अडकू देऊ नका.

चौथी पायरी: ताटातलं

'उपाशी ठेवला की खाईल' हे स्वमग्न मुलाला लागू पडत नाही. काही मुलं खरंच खात नाहीत, थेट सलाइनवर जातात. चालणारा पदार्थ काढून घेऊ नका, त्याच्या शेजारी नवं ठेवा. खायची सक्ती नाही, ताटात असू दे इतकंच. मग एका वेळी एकच गोष्ट बदला. उकड्या तांदळाची पेज चालते? ती आधी थोडी घट्ट करा, मग त्यात चमचाभर नाचणीचं पीठ, मग दोन चमचे. घावण चालतं, तर पिठात कुळथाचं पीठ चिमटीने वाढवत न्या. तळलेला बांगडा चालतो, तर त्याच रव्यात, त्याच तव्यावर, त्याच आकाराचा सुरमईचा तुकडा, काटा काढून. रंग, वास, आकार, कुरकुरीतपणा यातलं तीन तसंच ठेवायचं आणि एकच हलवायचं. एकेका बदलाला आठवडे लागतात.

फक्त ताजे मासे आणि भात खाणारी मुलं जून-जुलैच्या मासेमारी बंदीत अडकतात. पावसात बाजारात मासे नसतात आणि घरात रडारड सुरू होते. एप्रिलपासूनच अंडं किंवा चिकन त्याच रवा-मसाल्यात लावून सवय करायला घ्या. सुकट, सोडे चालतात, पण खारट असतात, रोज भरपूर नकोत.

महिनोन् महिने चार-पाच पदार्थांवरच मूल असेल तर कमतरता गृहीत धरून तपासणी मागा: हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व. आणि एक जुना आजार लक्षात असू दे. बिस्किटं, भात, चिप्स एवढ्यावरच वाढणाऱ्या स्वमग्न मुलांमध्ये स्कर्व्ही झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात वारंवार येतात. मूल लंगडतं, पायावर भार द्यायला नकार देतं, हिरड्यांतून रक्त येतं, आणि तपास महिनोन् महिने सांध्यांचा चालतो. क जीवनसत्त्वाचा अभाव, बाकी काही नाही. आपल्या परसात पेरू आहे, आवळा आहे, मार्च ते मे काजूची बोंडं आहेत. तोंडाला तुरट लागतात म्हणून टाकून देतो, पण क जीवनसत्त्व संत्र्याहून कितीतरी जास्त. मिठाच्या पाण्यात ठेवून रस काढला तर तुरटपणा कमी होतो. फळ तोंडाला लावतच नसेल तर डॉक्टर थेंब किंवा गोळी लिहून देतात.

माती, भिंतीचा चुना, खडू, केस, दोरे खाणं ही नुसती खोड समजू नका. लोह कमी आहे का, जंत आहेत का, आणि जुना रंग खात असेल तर रक्तात शिसं आहे का, ते बघायला सांगा.

'गहू आणि दूध बंद करा, ऑटिझम जाईल' असं सांगणारे पुष्कळ भेटतील. ऑटिझमच्या मूळ लक्षणांसाठी असा आहार देऊ नये, असं ब्रिटनच्या नाइस या संस्थेचं मार्गदर्शन आहे, कारण उपयोगाचा ठोस पुरावा नाही. कोकणातला भात-मासे खाणारा मुलगा गहू खातोच किती? दूध मात्र बंद होतं आणि कॅल्शियम जातं. वैद्यकीय कारणाने बंद करावंच लागलं तर नाचणी वाढवा. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं.

याहून वाईट प्रकारही खपतात. शरीरातले 'जड धातू काढणारं' चिलेशन (२००५ साली अमेरिकेत पाच वर्षांचा एक स्वमग्न मुलगा या उपचारात दगावला), ब्लीचचे थेंब, ऑक्सिजनच्या बंद पेट्या, लाखो रुपयांच्या स्टेम सेलच्या सुया. त्यासाठी कोणी कलमांची बाग गहाण टाकू नये. 'आतड्यातून ऑटिझम' या कल्पनेला मोठी हवा मिळाली ती १९९८ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या आणि लसीवर संशय घेणाऱ्या लेखाने. तो लेख २०१० साली मागे घेतला गेला. लसीचा दावा खोटा ठरला, पण त्या गदारोळात मुलांची खरी पोटदुखीही लोकांनी हसण्यावारी नेली. मला तेच जास्त वाईट वाटतं.

पाचवी पायरी: पोट साफ आहे, तरी चिडचिड आहे

दाढा. ब्रश तोंडात न घेऊ देणाऱ्या, गोड बिस्किटं गालात धरून ठेवणाऱ्या मुलाची किडलेली दाढ हे गालावर चापट्या मारण्याचं अगदी नेहमीचं कारण. एकाच बाजूने चावतो का, थंड पाणी नाकारतो का, ते बघा. पेस्टचा फेस आणि पुदिन्याची झोंबणारी चव नको असते. साध्या चवीची, फेस न होणारी पेस्ट, मऊ ब्रश आणि मांडीवर डोकं ठेवून मागून ब्रश करणं जमून जातं. जास्त काम असेल तर भूल देऊन एकाच वेळी सगळ्या दाढा करून घेता येतात. अशा भुलेत रक्ताचे नमुने, कानातला मळ, नखं हेही उरकून घ्यायला सांगा.

कान. तळी-विहिरीत डुंबणाऱ्या मुलांचे कान पावसाळ्यात फुटतात. कानात तेल सोडू नका.

झोप. रात्री जागणाऱ्या स्वमग्न मुलाला लगेच मेलाटोनिन (झोपेसाठीचं हार्मोन) सुरू करण्याआधी तीन गोष्टी बघून घ्या: आम्ल वर येतंय का, घोरतो का (टॉन्सिल, नाकामागच्या गाठी), आणि पाय सारखे हलवतो का. फेरिटिन कमी असलं की पाय चुळबुळतात आणि झोप मोडते.

फिट. ऑटिझममध्ये अपस्माराचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त आहे, बौद्धिक अक्षमता सोबत असेल तर आणखी, आणि पहिली आकडी पौगंडावस्थेतही येऊ शकते. काही सेकंद टक लावून थिजणं, हाक मारली तरी आणि खांद्याला हात लावला तरी भानावर न येणं, याचाही व्हिडिओ काढून दाखवा. मोठी आकडी आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही द्या, घड्याळ बघा. कांदा, चप्पल, तोंडात चमचा यातलं काही नको. पाच मिनिटांच्या वर गेली तर १०८.

फिट असलेल्या मुलाला विहीर, तळी, खाडी, समुद्र इथे एकटं सोडणं नाहीच. फिट नसलेल्यालाही नाही. घर सोडून निघालेली स्वमग्न मुलं पुष्कळदा पाण्याकडे ओढली जातात आणि त्यांच्या अपघाती मृत्यूंत बुडणं हे मोठं कारण आहे. कठडा नसलेल्या विहिरीला जाळी, मागल्या दाराला उंचावर कडी, आणि मुलाला पोहायला शिकवणं, तिन्ही करा.

औषधं. चिडचिडीसाठी दिल्या जाणाऱ्या रिस्पेरिडोनने भूक आणि वजन वाढतं, शी घट्ट होऊ शकते. लोहाच्या गोळ्यांनीही होते. नवं औषध सुरू झाल्याची तारीख वहीत हवी. वजन दर महिन्याला, साखर आणि चरबीची तपासणी डॉक्टर सांगतील तशी. औषध परस्पर बंद मात्र करू नका.

मुलींची पाळी. दर महिन्याला तेच चार दिवस बिघडत असतील तर वहीच ते दाखवून देईल. दुखणं कमी करणारं औषध आधीच्या दिवशी सुरू करता येतं का, ते विचारा.

सहावी पायरी: डॉक्टरांकडे कसं जायचं

एका कागदावर लिहा: नेहमी कसा असतो, काय बदललं, कधीपासून, काय खातो, शी किती नंबरची, कोणती औषधं, दुखतं तेव्हा काय करतो. वही मागितली तर द्या, हातात आधी कागद. सकाळचा पहिला नंबर मागा, आणि रांगेत मूल गाडीत किंवा झाडाखाली थांबू दे. आदल्या दिवशी घरच्या बाहुलीचं पोट तपासून दाखवा, जिथे जायचं त्या दवाखान्याचे फोटो दाखवा. रक्त काढायचं असेल तर तासभर आधी लावायचं बधिर करणारं मलम मिळतं, ते लिहून घ्या.

"ऑटिझमचंच आहे" असं उत्तर आलं तर भांडू नका. शांतपणे विचारा, "डॉक्टर, हीच लक्षणं ऑटिझम नसलेल्या मुलाला असती, तर तुम्ही काय तपासलं असतं?" हा प्रश्न मी बऱ्याच पालकांना पाठ करायला लावला आहे.

कुठे जायचं? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्यांच्याकडून जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मिळते. ओरोस, रत्नागिरी आणि अलिबाग इथे जिल्हा रुग्णालयं आणि आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयंही आहेत, चिपळूण भागात डेरवणचं वालावलकर रुग्णालय आहे. मुलांच्या पोटविकाराचा खास तज्ज्ञ लागला तर सिंधुदुर्गातली माणसं गोव्याच्या बांबोळीला किंवा कोल्हापूरला जातात, रत्नागिरी-रायगडची मुंबईला. घाटातून पाच तास न्यायच्या आधी सरकारच्या ई-संजीवनी सेवेवर मोफत ऑनलाइन सल्ला घेऊन बघा, निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

खर्चासाठी दोन कागद करून ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, तेव्हा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढा. आणि केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंत आरोग्य विमा आहे, त्यात बाह्यरुग्ण तपासण्या आणि थेरपीही येतात.

मोठी माणसं

गावागावांत पस्तीस-चाळिशीचा एखादा असतो, सगळे त्याला 'भोळा' म्हणतात, आई सत्तरीची, निदान कधीच झालेलं नाही. त्याचंही पोट, दात, रक्तदाब, साखर वर्षातून एकदा तपासायला हवी, आणि मनोविकाराच्या गोळ्या चालू असतील तर शीची वही त्यालाही हवी. त्यातल्या क्लोझापिनसारख्या औषधांनी होणारं बद्धकोष्ठ जिवावर बेतू शकतं. बोलणारी, नोकरी करणारी स्वमग्न माणसं स्वतःसाठी मोबाइलवर गजर लावतात: पाणी, जेवण, संडास. भूक कळेपर्यंत थांबलं तर चक्कर येते, हे त्यांनी अनुभवाने शिकलेलं असतं.

आईला ठाऊक असलेल्या खुणा कुठेच लिहिलेल्या नसतात. तिने एक पान करून भावंडांकडे, वहिनीकडे, आशाताईंकडे देऊन ठेवावं: कान ओढतो म्हणजे दाढ, कठड्यावर ओणवा होतो म्हणजे पोट, दोन दिवस पेज नाकारली म्हणजे दवाखाना, औषधाचा डबा फडताळात वरच्या कप्प्यात, आणि पावडर पाण्यातच द्यायची, दुधातून दिली तर ओततो.